चाकाच्या दोन फेऱ्या

प्रिय दादा,

आठवतं? बाबांनी जुन्या पिकअपचं एक मागचं चाक जॅकवर उचललं होतं. तू चाकाला मोजून दोन फेऱ्या द्यायच्या आणि मी गाडीखाली पडून, इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा, खडूची खूण केलेला मधला दांडा किती वेळा फिरतो ते मोजायचं. त्या आकड्यावरून मागच्या ॲक्सलचे गिअर मागवायचे होते.

"चार!" मी ओरडले. गिअर आले, पण ते बसेनात. "साधं चाक फिरवता येत नाही गाढवाला," म्हणत बाबांनी तुला गॅरेजमधून हाकललं. त्याच वर्षी तू घर सोडलंस.

आज मेकॅनिकने त्याच पिकअपचं पुन्हा मोजायला घेतलं. "ताई, या वयात कुठे खाली शिरताय?" तो हसला. मी शिरलेच. चाकाच्या दोन फेऱ्यांत दांडा जवळजवळ पाच वेळा फिरला. त्या दिवशी माझ्या डोळ्यात तेल पडलं होतं, दादा. मी अंदाजाने आकडा सांगितला आणि चाळीस वर्षं गप्प बसले.

हे पत्र पाठवायचं धाडस होत नाही, म्हणून गाडीच्या कप्प्यात ठेवते. माझ्यामागे गाडी तुझी, जॅक मेकॅनिकला. आणि हे पत्र तुझ्या मुलीला दे. तिच्या बाबांनी चाक बरोबर फिरवलं होतं, हे तिला कळू दे.

तुझी,
छोटी