बोरोकाचे चित्र

हायनल, मुली,

रात्रपाळीहून आल्यावर घर रिकामे दिसेल, घाबरू नकोस. बोरोकाला मी बालवाडीत पोहोचवले आहे. तीन सरकारी बालवाड्यांनी नाकारल्यानंतर ईश्वरकृपेने मिळालेली जागा भयापोटी सोडणे योग्य नव्हे.

लेवेन्ते न्यायला आला तर मुलगी त्याच्या हाती देऊ नये, असे मी तिथल्या पिरोश्काबाईंना सांगितले; लहानपणी त्यालाही त्यांनीच बालवाडीत सांभाळले होते.

"आपला नासपतीवाला लेवेन्ते? अहो आजोबा, पोटचा मुलगा ना तो तुमचा?"

"म्हणूनच मी आलो आहे."

"पण कोर्टाच्या हुकुमाशिवाय बापाला अडवायचं कसं हो आम्ही?"

म्हणून आता परत जाऊन संध्याकाळपर्यंत मी बालवाडीच्या फाटकाशीच बसेन. सूप चुलीवर आहे, जेवून घे. आणि या उकाड्यात लांब बाह्या घालून माझ्यापासून काही झाकू नकोस.

लेवेन्तेचा आणि माझा आवाज सारखाच आहे. दार वाजले, तर बोरोकाच्या उशीवर आणि टॉवेलवर बालवाडीत प्रत्येक मुलाची वेगळी असते ती खूण म्हणून तू कोणते चित्र शिवलेस, ते आधी विचार. त्याने ते कधी जाणून घेतले नाही. त्याला आठवते ते केवळ स्वतःचे, लहानपणी त्याच्या उशीवर असलेले. बाहेरून "नासपती" असे उत्तर आले, तर उघडू नकोस.

तुझे सासरे,
गेर्गेय