सोळा मात्रांची मोकळी जागा

ती. दादा,

लिफ्टच्या खड्ड्यात, जमिनीपासून चार फूट खाली उभ्या असलेल्या तुमच्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (इथे वाकायला जागा नाही, पण भावना पोचावी.) तुमची, वहिनींची आणि चष्म्यांच्या दुकानाची तब्येत कशी आहे? माझी उत्तम. पत्र केवळ खुशालीचं आहे. त्यात भिंगरीचा उल्लेख येणार नाही, कारण तिचा विषय काढायचा नाही असं तुम्हीच मला बजावलं आहे. आता मुलगी तुमची असली तरी दुकानाचं काउंटर सोडल्यापासून अकरा महिने माझ्याकडे राहते, तेव्हा माझी खुशाली सांगताना मध्ये मध्ये ती येणारच. तेवढी गाळून वाचावी.

तर मी ज्या सहा मजली इमारतीची लिफ्ट सांभाळतो, तिच्या तळघरात एक स्टुडिओ आहे. पूर्वी तिथे कागदाचे गठ्ठे ठेवत. आता भिंतींना फोम, दाराला जाड रबर आणि मध्ये एक बारीक चणीचे रेकॉर्डिस्ट, ज्यांना सगळे कानसाहेब म्हणतात. वर कुणी चमचा पाडला तर तो स्टीलचा की पितळेचा, हे ते खालून सांगतात. आजवर भिंगरीने माझ्या कपाटात डोकं घालून फोनवर गाणी केली (माझे शर्ट आवाज छान शोषतात म्हणे, एवढ्या वर्षांत माझ्या कपड्यांचं कुणी केलेलं हे पहिलंच कौतुक). ती गाणी लोकांना आवडली, कानसाहेबांच्याही कानी गेली, आणि त्यांनी स्वतः बोलावून घेतलं. नऊ गाणी, रीतसर स्टुडिओत, तिचा पहिला अल्बम. त्या दिवशी ती घरभर नाचली आणि माझी चहाची किटली फुटली. किटली जुनीच होती.

पहिल्याच दिवशी कानसाहेबांनी हात वर करून गाणं थांबवलं. म्हणाले, कुणीतरी गुणगुणतंय. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दहा मिनिटं शोध घेतल्यावर गुणगुणणारं सापडलं: माझी लिफ्ट! बावीस वर्षं मी तिला तेल घालतोय, ती इतक्या वर्षांत एकदाही माझ्याजवळ गायली नाही. भिंगरी म्हणाली, "काका, ती बेसूर नाहीये रे, पण तिची पट्टी वेगळी आहे." मग मी 'दुरुस्ती चालू' अशी पाटी लावून लिफ्ट बंद केली. माझ्या नोकरीतली ही पहिली थाप, आणि ती पचली नाही; कारण पाटी लावायच्या आधीच चौथ्या मजल्यावरच्या वकीलबाई आत शिरल्या होत्या. त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकल्या आणि तिथून कायद्याची कलमं मोठ्याने म्हणू लागल्या. खटक्याकडे धावलो तर कानसाहेब डोळे मिटून उभे. "थांबा, चालू करू नका! काय घुमतोय आवाज!"

दादा, मी माणुसकी सोडलेली नाही. मी लगेच गच्चीवरच्या मोटरच्या खोलीकडे पळालो (पायऱ्यांनी, कारण लिफ्ट बंद होती, आणि ती बंद कुणी केली हे आठवून स्वतःला शिव्या देत). हाताने चाक फिरवून बाईंना तिसऱ्या मजल्यावर आणलं तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती. आता नोकरी जाते, या तयारीने मी टोपी काढून उभा राहिलो. बाईंनी पदर नीट केला आणि विचारलं, "खाली कोण गातं? दुसऱ्या कडव्यातले शब्द नीट कळले नाहीत."

तिथून पुढे इमारतच फिरली. बाईंनी सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या घेतल्या: दुपारी दोन तास लिफ्ट बंद राहील, तक्रार करणाऱ्याने त्यांच्याशी बोलावं. कुणी बोललं नाही. चौथं गाणं भिंगरीने लिफ्टमध्ये उभं राहून गायलं. लिफ्ट मधोमध थांबवलेली, दार उघडं, आणि मी तिच्या टपावर टॉर्च धरून. मला शिंक आली. ती अल्बममध्ये राहिली आहे. कानसाहेब म्हणतात, ठेक्यात होती.

आठ गाणी पुरी झाली. सहावं तेवढं अडलंय. त्यात एक दुकान आहे आणि चष्म्याच्या दांडीचा बारीक स्क्रू बसवताना शीळ घालणारा एक माणूस आहे. (कोण ते मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.) दोन कडव्यांच्या मध्ये सोळा मात्रा तिने मोकळ्या सोडल्या आहेत. कानसाहेबांनी बासरी लावून पाहिली, तिने मान हलवली. मी शीळ घालून पाहिली, तर नुसती हवा निघाली आणि रस्त्यावरचं एक कुत्रं येऊन दाराशी बसलं. तेव्हा ती हसली, आणि मग "राहू दे रिकामीच" म्हणून बाहेर जाऊन धुतलेलाच कप पुन्हा धुवत बसली. बराच वेळ.

बाकी सर्व क्षेम. लोभ आहे तेवढा ठेवावा, वाढवल्यास हरकत नाही.

तुमचा,
लिफ्टवाला धाकटा

ता. क. तुम्ही हल्ली दुकानात शीळ घालत नाही, असं कळलं. येत्या बुधवारी दुपारी तीन वाजता या आणि सोळा मात्रा घाला. त्याला एक मिनिटसुद्धा लागत नाही. बोलायचं नसेल तर बोलू नका, तिथे काचेच्या आड एकट्यानेच उभं राहायचं असतं. हे सांगायलाच पत्र लिहिलं. खुशाली फोनवरही विचारता आली असती.

आणखी एक ता. क. शीळ बंद झाल्याचं मला कुणी सांगितलं, हे विचारू नका म्हणजे वहिनींचं नाव सांगावं लागणार नाही. त्यांची दाढ चांगली आहे. गेल्या महिन्यात त्या तीनदा दातांच्या डॉक्टरकडे गेल्या, तेव्हा त्या इथे होत्या. दुसऱ्या आणि पाचव्या गाण्यात मागून जो कोरस येतो, त्यातला उजवीकडचा आवाज त्यांचा. फारच गोड लागलाय.

शेवटचं. आज अल्बमचं कव्हर पाहिलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सगळ्यांचे आभार आहेत, आणि सहाव्या गाण्यापुढे 'शीळ : बाबा' असं छापलंय. मी म्हटलं, अगं, त्यांना अजून विचारलंसुद्धा नाही. तर म्हणाली, "काका, छपाईवाल्याला कालच द्यायचं होतं."