सुप्याचे रविवार

पाथर्डी, ६ जानेवारी २०२५

चि. रेश्मास अ. आशीर्वाद.

इकडे सगळी खुशाल. फोनवर मला नीट ऐकू येत न्हाई म्हणून लिहितो. आपल्या शेजारच्या श्रीमंतनं तुला सुप्याच्या स्टँडवर उतरताना पाहिलं, तेही दोन रविवार. कॉलेज नगरात, खोली केडगावात, मग सुप्यात काय हाय? आई म्हणते, पोरीवर भरवसा ठेवा. पण जुन्या इंग्रजांच्या कविता शिकायला कारखान्यांच्या गावाला कशाला जावं लागतं? कुणी असेल तर सरळ कळव.

तुझा बापू


केडगाव, ११ जानेवारी

ती. बापूंस सा. न. वि. वि.

कुणी नाही हो. माझा प्रबंध व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कवींवर आहे. त्यांच्या देशात आगगाडी आली, गिरण्या आल्या. कुणी हरखलं, कुणी धास्तावलं, कुणाचा देवावरचाच विश्वास डळमळला. पुस्तकातून ते नुसतं पाठ होत होतं. म्हणून सुप्यात कारखान्याची पाळी सुटल्यावर तिथल्या बायकांशी बोलते. मुक्ताबाईंच्या बाजरीच्या रानात आता कंपनी आहे आणि त्या तिथंच कामाला. म्हणाल्या, आधी भोंग्यानं धडकी भरायची. आता गुरुवारच्या सुट्टीला तो वाजला नाही की घर खायला उठतं. तेव्हा कुठं मला त्या कविता कळल्या.

ते प्रबंधात लिहिलं, तर माझे मार्गदर्शक सर म्हणतात, हे तुझं लिखाण नव्हे, मोबाईलकडून लिहून घेतलंस. एकवीस तारखेला कॉलेजच्या चौकशी समितीपुढं बोलावलंय. माया असू द्या, सध्या तीच कमी पडतेय.

रेश्मा


पाथर्डी, १६ जानेवारी

चि. रेश्मास अ. आशीर्वाद.

खोटं कशाला सांगू, तुझ्या पत्रानं समाधान झालं न्हाई. परवा एस.टी.नं सुप्याला गेलो, मुक्ताबाईंना गाठलं. बाईनं मलाच विचारलं, तरण्या पोरीची चौकशी करणारे तुम्ही कोण? बाप म्हटल्यावर तर लई चिडली. म्हणाली, पोरगी तुमची आणि विचारता मला? मान खाली घालून परत आलो. समितीपुढं घाबरू नको.

बापू


केडगाव, २२ जानेवारी

ती. बापूंस सा. न. वि. वि.

समितीनं मोबाईल काढून घेतला, मी कधी न वाचलेली कविता पुढ्यात ठेवली आणि तिथंच लिहायला लावलं. आगगाडीवरची होती. मी लिहिलं, कवीला गाडीची भीती नाही. तिच्यात बसून गेलेलं माणूस परकं होऊन येईल, ही भीती आहे. सरांनी दोनदा वाचलं आणि प्रबंधावर सही केली. माफी मागितली नाही.

वाटलं होतं, आनंद होईल. झाला नाही. सर मला दोन वर्षं ओळखतात, तुम्ही जन्मापासून. तरी त्यांचा संशय एका कागदानं फिटला आणि तुम्हाला माझं पत्र पुरलं नाही. रागावलेय. पण शनिवारी येते. काय विचारायचं ते मलाच विचारा.

मी आल्यावर दारात याल ना?

तुमचीच रेश्मा