चाकांवरच्या घराची वास्तुशांत

पिपरी (मेघे), आश्विन वद्य अष्टमी, १९५४

राजमान्य राजेश्री लक्ष्मणराव यांस पिपरीहून बापूरावाचा सादर नमस्कार.

विहिरीच्या पायरीवरून घसरून आपला पाय मोडल्याचं आणि यंदा भाऊबीजेला येता येणार नसल्याचं कार्ड काल पोचलं. फार वाईट वाटलं, पायाला जपावं. वहिनींचा खोकला, कपाशी, म्हैस, सर्व ठीक असेलच. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, फक्त मी नाही.

खरं म्हणजे मी आजच्या आज तळेगावला निघून आलो असतो. माझा पाय घरात ठरत नाही हे आपण जाणताच. लग्न झाल्यापासून मी नर्मदा पाहायची म्हणतो, समुद्र पाहायचा म्हणतो, ते नाही तर निदान रामटेक; आणि आपल्या भगिनी देवकाबाई म्हणतात, घर सोडून येणार नाही. (घरात चोराने नेण्यासारखं आहे काय, असं मी एकदा विचारलं होतं. पुन्हा विचारलं नाही.) म्हणून तर अखाजीच्या सणाला मी ते चाकांचं घर मागवलं. जबलपूरच्या ‘सुखवास’ कंपनीची जाहिरात होती, ‘घर के साथ घूमिए’. मला वाटलं, ही माझ्यासाठीच छापली. घर सोडायचं नाही ना? नका सोडू, घरच घेऊन जाऊ!

वर्ध्याच्या मालधक्क्यावर गाडी उतरली. पत्र्याची, दोन चाकांची, आत दोघांपुरती निजायची फळी, एक खिडकी, एक पायरी. पुढचा आकडा मोटारीला अडकवायचा असतो. मोटार आपल्याकडे नाही (कंपनीने ते विचारलं नाही, मीही बोललो नाही), तेव्हा सुताराकडून लाकडी दांडी आणि जू बसवून घेतलं आणि बैलांनी ओढत अंगणात आणली. देवकाबाईंनी चारही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाल्या, घर बरं आहे, पण वास्तुशांत झाल्याशिवाय नव्या घरात निजायचं नाही. मी म्हटलं, होऊन जाऊ द्या. तिथेच माझी मती फिरली होती.

अण्णाजी भटजी आले. वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरायची, पण पत्रा कसा खणणार? तेव्हा त्या कोपऱ्याच्या बरोबर खाली, अंगणातच खड्डा करून त्यांनी ती पुरली. अख्ख्या आळीने पुरणपोळी खाल्ली आणि एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैल जुंपले, तर देवकाबाई पायरीवर बसलेल्या. “वास्तू इथं गाडली, अन् घर घेऊन कुठं चालले? वास्तूवरून घर उचलते काय कोणी?” भटजींना विचारायला गेलो. त्यांनी पंचांग उघडलं, मिटलं आणि पान लावायला घेतलं.

तेव्हापासून गाडी उभी आहे. आपल्या भगिनींनी आत पाण्याचे पितळी गुंड भरून ठेवले, टपावर मुगवड्या वाळवल्या, खिडकीला पडदा शिवला. पूर्वी सोडून जायचं नाही असं एक घर होतं, आता दोन झाली.

मी कंपनीला लिहिलं की गाडी जागची हलत नाही, काय करावं. उत्तर आलं, चाकांना ग्रीस लावा. लावलं. (लिहिता लिहिता उठून आत्ताही लावून आलो, स्वस्थ बसवत नाही. कागदावरचा डाग त्याचाच.) पुन्हा लिहिलं, तर विचारलं, मोटार कोणती आणि किती घोड्यांची? कळवलं की घोडे नाहीत, बैल आहेत, त्यातला एक मारका. मग मी वास्तुपुरुषाची सगळी हकीकत सविस्तर लिहून काढली, तर म्हणाले, या नावाचा भाग आमच्या गाडीत नाही, त्यावरचा नंबर कळवा. शेवटी नागपूरहून त्यांचा फिटर आला, प्रेमदास नावाचा. गाडीखाली शिरला, हळदकुंकू दिसताच हात जोडून मागे सरकत बाहेर आला. म्हणाला, “काकाजी, चाक बराबर हाय, आस बराबर हाय. तुम्ही देवच गाडून ठेवला, त्याले आमची कंपनी काय करन?” मग दोन वेळ पोटभर जेवून गेला. परवा कंपनीचं पत्र आलं की गाडी जागेवरच वापरायची असल्यास चाकं काढून परत पाठवावीत. लक्ष्मणराव, मला रडू आलं. चाकं गेल्यावर मी कशाकडे पाहून दिवस काढू?

तर असं आहे. आपल्याला भेटायची तळमळ फार आहे, पण वास्तू सोडत नाही.

आपला,
बापूराव

ता. क. : पाकीट बंद करणार तोच देवकाबाई म्हणाल्या, वाचून दाखवा. (त्यांना वाचता येत नाही, हे पुढच्या मजकुराच्या दृष्टीने बरंच आहे.) सगळं ऐकून म्हणाल्या, “एवढं लंबं पत्र, अन् माह्या दादाच्या पायाची एकच ओळ?” आणि खुरपं घेऊन गाडीखाली शिरल्या. प्रतिमा उकरली, धुतली, कुंकवाच्या करंड्यात ठेवली. “दादा येत नाई, तर मीच जाईन. देव का खिळ्यानं ठोकला हाय? तोही येईन आपल्यासंगं.” घराची किल्ली शेजारच्या आनंदाबाईंना देऊनही टाकली. उद्या सकाळी निघायचं म्हणतात. लक्ष्मणराव, आता खरं लिहितो, मला भीती वाटते. वर्ध्याच्या बाजारापलीकडे मी मुक्काम असा केलेला नाही. तळेगावला लग्नाला आलो तो वऱ्हाडाच्या घोळक्यात, तेव्हाही आर्वीपर्यंत डोळे मिटून होतो. देवकाबाई नको म्हणत होत्या तोवर मला निघायची घाई करता येत होती. आता कोणाच्या नावावर थांबू? कृपा करून हे पोचताच वाटेतल्या आर्वीच्या तारघरात माझ्या नावाने तार करा, ‘पाय बरा, येऊ नये.’

दुसरा ता. क. : आर्वीच्या अलीकडून. तार राहू द्या. निघतानाच पत्र पेटीत टाकायला उतरत होतो, तर म्हणाल्या, “आपणच चाललो, तर तिकीट काऊन लावता?” देवकाबाई खिडकीत बसून येणाऱ्या प्रत्येक गावाचं नाव मला विचारतात, मला एकही सांगता येत नाही, आणि त्या हसतात. असं हसणं मी घरात कधी ऐकलं नव्हतं. मी मधूनमधून डोळे मिटतो, पण बैल चालले आहेत. पत्र त्या स्वतः आपल्या हाती देतील आणि समोर बसून मोठ्याने वाचायला लावतील. विनंती एवढीच, दोन्ही ता. क. गिळून टाका आणि त्या जागी मी आपल्या पायाची केलेली विचारपूस आपल्याच मनाने रचून, चांगली लांबवून वाचा.