जेनोवाच्या चौकातला उतार

अण्णा, तुमचं बरोबर होतं. तो चौक उतरताच आहे. गेल्या आठवड्यात मी इटलीत जेनोवाला जाऊन मोजून आले आणि तेव्हापासून इथे जर्मनीत, वाल्डॉर्फच्या ऑफिसात भेटेल त्याला सांगत सुटले आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तुम्हालाच तेवढं सांगायचं राहिलं.

आपल्या स्वयंपाकघरात स्टोव्हच्या वर ते कॅलेंडर होतं. ज्या डॉक्टरांच्या बंगल्याचा गिलावा तुम्ही केलात, त्यांनी दिलेलं. वर्ष उलटलं तरी आईने ते काढलं नव्हतं. चित्रात जेनोवाच्या जुन्या गावातला लहानसा चौक आणि कडेला सरदार घराण्यांचे महाल, काळ्यापांढऱ्या दगडी पट्ट्यांचे. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, दोन मैत्रिणी जेवायला आलेल्या. तुम्ही ताटावरून मान वर करून म्हणालात, हा चौक या महालापुढे डावीकडे वीतभर उतरलाय. पट्टे लेव्हलमध्ये आहेत, पण सगळ्यात खालचा काळा पट्टा उजवीकडे जमिनीत बुडत जातो. मी हसले. "अण्णा, लेन्समुळे तसं दिसतं. गवंडीकामातलं नाही ते." मैत्रिणीही हसल्या. तुम्ही भात कालवलात, जेवलात आणि कामावर गेलात.

म्हणून यंदा सुट्टीत लेकीला घेऊन जेनोवा गाठलं, तेही इथल्या बांधकाम-सामानाच्या दुकानातून आणलेली, तुम्ही लेव्हल बघायला वापरायचात तसली लांबलचक पारदर्शक नळी बॅगेत घालून. लोक महालांचे फोटो काढताहेत आणि मी बाटलीने नळीत पाणी भरतेय, टिचकी मारून बुडबुडे घालवतेय, तुम्ही घालवायचात तसे. लेक दहा पावलं लांब उभी. "ममा, दास इस्ट पाइनलिश." तिला माझी लाज वाटत होती. मी म्हटलं, तुझ्या आजोबांचं काम आहे, हे टोक धर. ती कुरकुरत आली आणि महालाच्या उजव्या कोपऱ्याशी उभी राहिली. डाव्या कोपऱ्याशी, बाकावर बसलेल्या एका इटालियन आजोबांच्या हातात मी दुसरं टोक दिलं. पाणी स्थिरावल्यावर दोन्हीकडे जमिनीपासून पाण्यापर्यंत वितीने मोजलं. उजवीकडे चार वीत, डावीकडे पाच आणि वर दोन बोटं. म्हणजे तुम्ही दोन बोटांनी चुकलात. पण तुमची वीत माझ्याहून मोठी होती, तेव्हा तेही म्हणवत नाही.

लेकीने विचारलं, आणि चक्क मराठीत विचारलं, "आजोबांना नुसत्या फोटोवरून कळलं?" मी इतक्या जोरात हो म्हटलं की त्या इटालियन आजोबांनी दचकून नळी सोडली. पाणी चौकात सांडलं आणि फरशीवरून सरळ डावीकडे वाहत गेलं. आम्ही तिघंही हसत सुटलो. इतका आनंद मला माझ्या डिग्रीचाही झाला नव्हता.

नळी आता खाली तळघरात आहे. हे पत्रही तिच्याच गुंडाळीत ठेवते, टाकायला पत्ता कुठला. एक मात्र कबूल करते. त्या दिवशी तुम्ही कामावर गेल्यावर मी स्टुलावर चढून ते चित्र जवळून पाहिलं होतं. खालचा काळा पट्टा उजवीकडे बुडत जात होता. मला तेव्हाच दिसलं होतं, अण्णा. संध्याकाळी तुम्ही आलात, मी तुम्हाला चहा दिला आणि काही बोलले नाही.