कॅसेटला ऊन

१८ ऑक्टोबर, शनिवार. दुपार.

सगळ्यात आधी आली ती चिमा. गाडीचा हॉर्न वळणावर वाजला तो हिने माझ्याआधी ऐकला. शेजारीण असावी तर अशी. लुगडं बदलून आमच्याच दारात उभी राहून आमच्याच माणसांना या, या करत होती. मग उतरला सदू, माझा मुलगा. मग सूनबाई निशिगंधा, ती चप्पल घालूनच ओटीवर. शेवटी नात, सानवी, मोबाईलात बघत बघत, पायरी न बघता. घर भरलं. मला हसूच आवरेना.

सदूने चहाच्या आधी विचारलं, आये, बाबांची कॅसेट आहे ना? म्हटलं, आहे तर! ठणठणीत आहे.

नऊ वर्षं झाली हे जाऊन. पण राखणेचं गाऱ्हाणं अजून हेच घालतात. देवदिवाळीला आमची वाडी जांभळीखाली राखणदाराच्या दगडापुढे जमते, नारळ ठेवते. मग एकेका देवाचं नाव घेऊन, सगळ्यांची पोरंबाळं, गुरंढोरं सांभाळ म्हणून सांगायचं असतं. ह्यांनी ते हौसेने कॅसेटवर भरून ठेवलेलं. मी वॉकमन दगडावर ठेवत्ये, बटण दाबत्ये. त्याच्या पोटात बारका स्पीकर आहे. लोक हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणतात. मेलेला माणूस इतका वेळेवर येतो असं दुसऱ्या कुठल्या वाडीत नाही.

१९ ऑक्टोबर.

सदूने एक वायर आणलीय. वॉकमनमधून आवाज काढून मोबाईलात भरणार. मग म्हणे कॅसेट खराब झाली तरी चिंता नाही. कॅसेट कशाला खराब होईल? तीस वर्षांत झाली नाही. मी बोलले, सेल संपलेत. (सेल तांदळाच्या डब्यात आहेत.)

मोबाईलात आवाज पातळ होतो. चिमाच्या जावयाचा होतो.

२० ऑक्टोबर.

सदूने संगमेश्वरातून नवे सेल आणले. मी बोलले, आज अभ्यंगस्नानाचा दिवस, मशीन उघडू नये. कुठे लिहिलंय, म्हणाला. म्हटलं, सगळंच लिहिलेलं असतं काय?

२३ ऑक्टोबर. भाऊबीज.

आज गेले. डबा भरून चकल्या दिल्या. वायरीचं राहिलंच. सदू गाडीत बसताना बोलला, आये, देवदिवाळीला रजा टाकून येतो, तेव्हा भरून घेऊच. शुक्रवार आहे, २१ नोव्हेंबर.

पाहिलं? दिवाळीला आलेला माणूस महिन्याच्या आत परत येतोय. मागच्या वर्षी दिवाळीनंतर एकदम गणपतीत तोंड दिसलं. कॅसेट दिली असती तर तिकडे बसून ऐकली असती. चहा पितापिता.

मी काही मुद्दाम नाही केलं.

२९ ऑक्टोबर.

दुपारी भांडी झाली की हेडफोन लावून ऐकत्ये. हेडफोनचा स्पंज गेला, मी चोळीच्या खणाचा तुकडा शिवून बसवला, आता मऊ लागतो. चिमा बोलली, गो बाय, आता कोण ऐकतं असलं, नातवंडं हसतात. हसू देत. तिच्याकडे घो हाय ना जिवंत, तिला काय कळणार? तिचा तर बोलतच नाही. माझा रोज बोलतो.

आज मध्येच आवाज खरखरला. काढून बघितली तर आत पट्टीवर पांढरी भुरी. पावसाळ्याची ओल. काही नाही. साफ करायचं ठरवलं.

२ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ.

आज केलं. ओल धरली की ऊन दाखवायचं, हे काय कुणी शिकवायला लागतं? गोधडी, पापड, सुकी मासळी, आमसुलं, सगळं उन्हानेच सुधारतं. कॅसेट सुपात घालून मागच्या कातळावर ठेवली. कातळ असा तापलेला की पाय ठरेना. म्हटलं, तासाभरात भुरी पळेल. तेवढ्यात चिमा आली, तिच्या पुतणीचं जमलंय, चिपळूणचा मुलगा, बॅंकेत आहे, पण उंचीला कमी. उंचीचं बोलता बोलता चार वाजले.

भुरी गेली. म्हटलं ते केलं मी.

कॅसेट जराशी वाकलीय. पापडासारखी नाही, थोडी. पाट्याखाली दाबून ठेवलीय.

३ नोव्हेंबर.

सरळ झाली. जवळजवळ. वॉकमनचं झाकण लागत नव्हतं, ते रबर बांधून लावलं. वाजते! आवाज जरा जाड येतो, सावकाश येतो. माणूस वयाप्रमाणे भारदस्त होतोच. हे आज असते तर ऐंशीचे असते.

५ नोव्हेंबर.

चिमाला ऐकवली. बोलली, गो, हा म्हशीसारखा आवाज कुणाचा? चिमाचे कान तपासायला हवेत. सांगितलं तर रागावली.

१२ नोव्हेंबर.

पुतण्या गुरुप्रसाद आला होता. वाडीत तेवढाच एक जाणता राहिलाय, बाकीचे पुरुष मुंबईला. बोलला, काकी, यंदा मी कागदावर लिहून वाचू काय? म्हणजे कॅसेट अडली तर. म्हटलं, कॅसेट अडायला ती काय तुझी मोटरसायकल आहे? हसला. गेला. पण जाताना विचारून गेला, देवांची नावं क्रमाने सांग ना. मी बोलले, ती देवदिवाळीला ऐक.

रोज ऐकायची बंद केलीय. झीज नको. आपल्याला काय, सगळं पाठ आहे.

२० नोव्हेंबर.

सदूचा फोन. उद्या दहापर्यंत पोचतो, वायर घेतलीय, निशिगंधा आहेच, सानवीपण येतेय, तिला आजोबांचा आवाज ऐकायचाय. तिने कधी नीट ऐकलेलाच नाही. मी आंबोळ्यांचं पीठ भिजवलं. सदू बोलला, आये, तुला कधीच सांगितलं नाही, बाबा गेले तेव्हा मी वेळेवर पोचलो नाही ना, म्हणून हा आवाज हवाय मला. मी बोलले, ये, आहे.

झाकणाला दुसरं रबर लावलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. देवदिवाळी. संध्याकाळ.

चौदा माणसं होती. सदू पुढे, मोबाईल तयार धरून. सानवी त्याच्या कडेला. मी बटण दाबलं.

पहिलं "बा देवा" आलं असं मला वाटलं. मग खोल विहिरीतून बोलल्यासारखं काहीतरी. कुणाला शब्द कळला नाही. पण आमची माणसं चांगली. आवाज जरा थांबला की हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणायची. चारदा म्हणाली. कशाला व्हय म्हटलं ते राखणदारालाच ठाऊक. सानवी हसली, मग बापाचं तोंड बघून गप्प झाली.

मग पट्टी अडकली. कर्र झालं आणि बंद. सदूने रबर काढलं, झाकण उघडलं. आतून पट्टी बाहेर आली, वीतभर, हातभर, चुरगळलेली. तो हळूहळू ओढत होता, मासळी साफ करताना करतात तसं. एके ठिकाणी तुटली.

सदूने विचारलं, आये, हिला काय केलंस? म्हटलं, ऊन दाखवलं.

गुरुप्रसादने कागद काढला, दोन देवांची नावं घेतली आणि अडला. काकी, पुढे कोण? सगळे माझ्याकडे बघायला लागले. नऊ वर्षं रोज दुपारी ऐकलंय मी. मला ह्यांचा खोकला आठवला, मध्ये एकदा खोकतात तो. श्वास कुठे घेतात ते आठवलं. नाव एकही येईना.

आयत्या वेळी कुणालाही आठवत नाही.

गुरुप्रसाद बोलला, जे कोण असतील त्या सगळ्यांनी सांभाळा. सगळे बोलले, व्हय म्हाराजा. नारळ फोडला.

२२ नोव्हेंबर, शनिवार. दुपार.

सकाळी सदू बोलला, आये, बाबा कसे म्हणायचे ते तू म्हणून दाखव, तेच भरून घेतो. मोबाईल माझ्या तोंडापुढे धरला. मी ओटीवर मांडी घालून बसले, पदर सारखा केला, ह्यांच्यासारखा जाड आवाज काढला. "बा देवा..." म्हटलं. मग परत म्हटलं. तिसऱ्यांदा माझाच आवाज आला, म्हातारीचा, बारीक.

सदूने बटण बंद केलं. राहू दे, आये. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मी बोलले, दिवाळीलाच सेल होते घरात, तांदळात. तो बोलला, ठाऊक होतं मला. डबा उघडला होता निशिगंधाने.

ठाऊक असून गप्प बसला. म्हणून नवे सेल आणले आणि म्हणून परत आला.

आंबोळ्या खाल्ल्या नाहीत कुणी. डब्यात घालून दिल्या.

गाडीत बसताना विचारलं, आता कधी? सदू बोलला, शिमग्याला बघू. निशिगंधा आतून बोलली, तेव्हा सानवीची परीक्षा. मग मे महिन्यात, दोघं बोलले. मी म्हटलं, तारीख सांगा, मला लिहायला लागते. सदूने मोबाईलात बघितलं.

१० मे. रविवार.