पितळी की प्लास्टिकचं

३ मार्च
हे प्लास्टिकला तोंड लावणार नाहीत म्हणे! बोलता येत नाही, पण मान फिरवता येते. बत्तीस वर्षं पोलीस बँडात ट्रम्पेट वाजवला. आता अर्धांगवायूनं तोंड वाकडं. व्यायाम करून घ्यायला येणारे महांतेश म्हणाले, "ताई, ट्रम्पेट राहू द्या, नुसत्या माउथपीसमधी फुंकू द्या. ओठ सुधरंल. पितळी जड हाय, प्लास्टिकचं आणा." लाल मागवलं. ह्यांनी दोनदा फेकलं. मी दोनदा उचललं. "फेका. मला तरी दुसरं काम काय आहे?"

९ मार्च
मुद्दाम पितळीच उचललं. डाव्या हाताला पेललं नाही, दातावर आपटलं. मग मुकाट्यानं लाल घेतलं.

१७ मार्च
वाजलं! रेडकाच्या ओरडण्यासारखं — पण वाजलं. ह्यांच्या डोळ्यांत पाणी. शेजारच्या बिस्मिल्लाबी भिंतीपलीकडून, "काय वो भाभी, म्हस घेतली का काय?" अकरा महिन्यांत मी पहिल्यांदा हसले.

२९ मार्च
पाणी हवं — वाजवतात. कूस बदलायची — वाजवतात. नाकावर माशी बसली — वाजवतात. पोळी तव्यावर टाकून पळते. अंगाला साबण लावलेला, तशीच पळते. हाक मारता येत नव्हती तेव्हा पाच मिनिटं तरी माझी होती. आणि हे त्यांच्या हातात दिलं कुणी? मीच!

२ एप्रिल
तेर गावाहून दीपमालाचा फोन. कॉलेजातली एवढी एकच मैत्रीण उरली. "एसटीनं पाऊण तास लागतो गं. ये की घटकाभर! का दाव्याला बांधलंय तुला?"
जमत नाही म्हणत होते, तेवढ्यात वाजलं. फोन ठेवला.

४ एप्रिल, सकाळ
लाल कपाटात. पितळी उशाशी. "हेच हवं होतं ना तुम्हाला?" जेवण, औषध, पाणी निघण्याआधी देऊन होईल. पितळी ह्यांच्यानं तोंडापर्यंत जात नाही, हे मला माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच ठेवलं; लाल वाजलं तर भिंतीपलीकडे कळेल. इथं तरी खोटं कशाला लिहू! दीडच्या एसटीनं तेरला.

४ एप्रिल, संध्याकाळ
सहाला मी घरी आले. ह्यांचा खालचा ओठ फुटलेला, उशीवर रक्त. पितळी मुठीत. मला बघून खाली ठेवलं.
भिंतीपलीकडून बिस्मिल्लाबी, "भाभी, भाईंचा रियाज आज लई जोरात! दोनपासून वाजवायलेत, थांबनातच. तुम्ही जवळच बसला असाल ऐकत?"
मी हो म्हणाले.